निगेटिव्ह म्हणून घरी गेलेले एकेचाळीस

छातीच्या दवाखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत, शिपायापासून सुपरिंटेंडेंटपर्यंत. चोवीस वर्षं ती एकाच स्टुलावर बसून एकाच भिंगातून बघत आली होती, त्यामुळे तिचं खरं नाव पगारपत्रकातच पडून राहिलं होतं.

तिची लॅब इमारतीच्या मागच्या अंगाला होती. दार वेगळं, वाट वेगळी; तिथली हवा दवाखान्याच्या बोळात यायला नको म्हणून. दोन मोठ्या खिडक्या, दोन्ही बारा महिने सताड उघड्या. वाऱ्याने कागद उडत, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर रंगाची रिकामी बाटली ठेवलेली असे. थंडीच्या दिवसांत ती दोन स्वेटर चढवून बसे आणि अधूनमधून स्पिरिटच्या दिव्यावर बोटं शेकून घेई.

सकाळी खिडकीशी पेशंटांची रांग लागे. प्रत्येकाच्या हातात झाकणाची छोटी डबी. भिंगताईचं पहिलं वाक्य ठरलेलं. "थुंकी नकोय, बेडका हवाय. दोनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून काढा. लाजताय काय, फोटो काढायचाय का तुमचा?" माणसं हसत, हसता हसता खोकत, आणि खोकल्याबरोबर हवं ते डबीत पडे.

मग त्याचा काचपट्टीवर पातळ लेप द्यायचा, वर लाल रंग, खालून आच, आम्लाने धुणं, आणि शेवटी निळा रंग. टीबीचा जंतू एकदा लाल झाला की आम्लालाही दाद देत नाही; बाकी सगळं निळं पडतं. निळ्यात लाल काडी दिसली की पॉझिटिव्ह. त्याला एक नजर पुरे. पण 'नाही' म्हणायचं तर निदान शंभर जागा बघाव्या लागतात, एकीनंतर एक, काचपट्टी केसभर सरकवत. इतर ठिकाणी लोक वीस-पंचवीस जागा बघून हात धुतात, हे तिला माहीत होतं. ती शंभर म्हणजे शंभर बघायची. ओठ हलवत मोजायची. मध्येच कुणी हाक मारली तर परत एकपासून सुरुवात. त्यामुळे दवाखान्यात तिला हाक मारायची कुणाची छाती होत नसे.

नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, हृदयाच्या झटक्याने. मूलबाळ नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आईविना वाढलेला. त्याची नखं तिने कापली, पाढे तिने घेतले, दाढ दुखली तेव्हा रात्रभर गालावर हात ठेवून तीच बसली. आवाज मात्र असा, की मैदानावर ओरडला की घरातली भांडी वाजत. तिनेच त्याचं नाव भोंगा ठेवलं. पुढे हाच भोंगा बस स्टँडवर गाड्या पुकारायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "बघ, नाव ठेवावं तर असं."

स्टँडच्या मधोमध काचेची केबिन होती. आत तो आणि चौकशीच्या खिडकीवरचे एक वयस्क क्लार्क. गाड्यांची नुसती नावं घेणं त्याला जमतच नसे. "फलाट चारवरची गाडी सुटतेय. लाल छत्रीवाल्या आजी, धावू नका, ड्रायव्हरला थांबवलंय मी." गाव त्याला चेहऱ्याने ओळखत नव्हतं, पण आवाजाने सगळं गाव ओळखत होतं. लग्न झाल्यावर तो स्टँडजवळच दोन खोल्यांत राहायला गेला. बायको आणि आठ वर्षांची मुलगी. सुट्टीच्या दिवशी तिघं भिंगताईकडे जेवायला येत.

त्या काळात दवाखान्यात एक संशोधक डॉक्टरीणबाई आल्या. सडपातळ, चष्मा कपाळावर, आणि केसांत खोचलेली पेन्सिल सगळीकडे शोधत फिरणाऱ्या. संसर्गजन्य आजारांवर त्यांचे बरेच लेख छापून आलेले होते. पहिल्याच दिवशी त्या लॅबमध्ये आल्या आणि भिंगताईचं शंभर मोजून होईपर्यंत दाराशी गप्प उभ्या राहिल्या. तिथेच त्यांची तार जुळली.

त्यांचा अभ्यास समजायला सोपा होता. प्रत्येक पेशंटच्या बेडक्याचे दोन भाग करायचे. एक भिंगताईच्या काचपट्टीवर. दुसरा मोठ्या प्रयोगशाळेत कल्चरला, म्हणजे जंतू पेरून ते उगवतात का ते बघायला. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. शेवटी दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडायचे.

"म्हणजे माझी परीक्षाच म्हणा की," भिंगताई म्हणाली.

"तुमची नाही, ताई. भिंगाची. पण कल्चरचे निकाल तुम्हाला दाखवता येणार नाहीत. तुमच्या नजरेवर त्याचा परिणाम व्हायला नको. ते थेट ओपीडीत जातील. जिथे भिंग निगेटिव्ह आणि कल्चर पॉझिटिव्ह, तिथे ओपीडीतून पेशंटला फोन करून बोलावून घेतील."

दीड वर्ष काम चाललं. अकराशेहून जास्त माणसांचे नमुने झाले.

शेवटच्या महिन्यांत भोंगा जेवायला आला तो खोकत. "किती दिवस?" तिने विचारलं. "झाले दोन-तीन आठवडे. स्टँडवरचा धूर गं." दुसऱ्या दिवशी तिने त्याला कान धरून आणावं तसं दवाखान्यात आणलं. एक्स-रे झाला, फुप्फुसात वर एक पुसट सावली होती, टीबीचीही असेल, साध्या कफाचीही असेल. सगळ्यांसारखी त्यानेही अभ्यासासाठी सही केली. त्याचा नंबर अकराशे सात.

अकराशे सात नंबरच्या काचपट्टीवर तिने शंभर जागा पाहिल्या. मग पुन्हा शंभर. मग आणखी शंभर. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहिलं. निळं, सगळं निळं. दुसऱ्या दिवशीचा नमुनाही तसाच. तिचा जीव भांड्यात पडला. तिने रजिस्टरमध्ये निगेटिव्ह लिहिलं आणि स्वतः स्टँडवर जाऊन केबिनची काच ठोठावली.

"काही नाही रे! तीनशे वेळा बघितलं. एक काडीसुद्धा नाही."

"मग उगाच घाबरवलंस," तो म्हणाला, आणि माईक चालू करून सगळ्या स्टँडला सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, आमच्या वहिनी चहा पाजणार आहेत."

दोन आठवडे साधी अँटिबायोटिक घेतली, खोकला थोडा दबला. सगळे आपापल्या कामाला लागले.

अभ्यास संपून सात-आठ महिन्यांनी लेख छापून आला. डॉक्टरीणबाईंनी त्याची प्रत स्वतः लॅबमध्ये आणून दिली. शेवटी आभारात भिंगताईचं पूर्ण नाव होतं. ते तिने दोनदा वाचलं. छापलेलं नाव परक्याचं वाटत होतं. मग म्हणाली, "आता मधलं सांगा. मला या भाषेत सगळं कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर पेन्सिल ठेवली. भिंगाने निगेटिव्ह सांगितलेल्यांपैकी एकेचाळीस जणांचं कल्चर पॉझिटिव्ह आलं होतं. त्यातल्या अठ्ठावीस जणांवर उपचार सुरू झाले. आठ जण सापडलेच नाहीत. फोन बंद, पत्ता बदललेला. चार जण फोन जाईपर्यंत वारले होते. एकाने उपचार नाकारला.

"एकेचाळीस," भिंगताई म्हणाली. "म्हणजे एकेचाळीस जणांना मी..."

"तुम्ही नाही. मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू असतील तरच भिंगात एखादा दिसतो. त्याहून कमी असले तर जगातलं कुणीही बसवलं तरी दिसणार नाही. मी तेच लिहिलंय. कल्चरची किंवा इतके कमी जंतूही हेरणाऱ्या मशीनची सोय इथेच हवी, असं शेवटी म्हटलंय."

"लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिचं मोजणं चार वेळा चुकलं.

पुढच्या सुट्टीला भोंगा आला तेव्हा तिने त्याला आपलं नाव दाखवलं. त्याने डोळे भरून पाहिलं. त्याचा आवाज बसलेला होता, गेले दोन महिने बसलेलाच होता. ती म्हणे दाखवून ये, तो म्हणे माईक जुना झालाय, ओरडावं लागतं. तीही फार लावून धरत नसे. त्याची काचपट्टी तिने स्वतः पाहिली होती, आणि आपल्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता.

"आणि हे बघ," ती तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "एकाने उपचार नाकारला म्हणे. फोन करून सांगितलं तरी! काय म्हणावं अशा माणसाला?"

"असतात एकेक," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि मुलीच्या ताटात वाढायला वळला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी पेन्सिल हातातच होती. त्याच नियतकालिकात कुठल्या दूरच्या संशोधकाचं पत्र छापून आलं होतं. एवढे एकेचाळीस सुटले, त्याअर्थी काचपट्ट्या वाचणारी व्यक्तीच कच्ची असावी, असं त्याचं म्हणणं होतं.

भिंगताईला तोंडात मारल्यासारखं झालं. "मी कच्ची?"

"म्हणूनच उत्तर द्यायचंय. एकेचाळीस पट्ट्या पुन्हा वाचायच्या. एकदा तुम्ही, एकदा बाहेरचा माणूस. आता निकाल लपवायचं कारण नाही. हे घ्या नंबर."

जुन्या काचपट्ट्या कपाटात लाकडी पेट्यांमध्ये नंबरवार लावलेल्या होत्या. ती यादी बघत एकेक काढायला लागली. त्र्याऐंशी. दोनशे सोळा. नावं बघायची गरज नव्हती आणि तिने पाहिलीही नाहीत. यादीच्या तळाला आली तेव्हा तिचा हात पेटीवरच थांबला. अकराशे सात.

रजिस्टर उघडावं लागलं नाही. तो आकडा तिला पाठ होता.

ती स्टुलावर बसली. यादी पुन्हा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचून आकडा बदलणार होता. मग सगळ्यांत आधी तिने तीच काचपट्टी घेतली. तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं आणि मोजायला लागली. तिला ती लाल काडी सापडायला हवी होती. एक तरी. आपण चुकलो होतो एवढं कळलं असतं तरी कुठेतरी धरायला जागा झाली असती. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. निळं, स्वच्छ निळं. तिने पूर्ण पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली. काही नव्हतं.

अॅप्रन तसाच अंगावर ठेवून ती ओपीडीत गेली. तिथल्या सिस्टर वीस वर्षांच्या ओळखीच्या.

"अकराशे सातला फोन कुणी केला होता?"

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "मीच. तीन वेळा. ताई, पेशंटचं कुणाला सांगायचं नाही, हा नियम आहे. आणि त्यानेही बजावलं होतं, वहिनीला कळता कामा नये म्हणून. मी रोज तुमच्या खिडकीवरून जायचे. रोज वाटायचं सांगावं."

सिस्टरवर रागवावं तर त्या नियमाने वागल्या होत्या. आणि तो नियम भिंगताईनेच नव्या मुलींना कितीदा शिकवला होता.

ती चालतच स्टँडवर गेली. केबिनची काच बंद होती, ती कायमच बंद असे; बाहेरच्या गोंगाटात माईकवर बोलता येत नाही म्हणून. भोंगा आत बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. इतके महिने जेवायला समोर बसत होता आणि आपल्याला दिसलं कसं नाही, हे तिला कळेना. चौकशीचे क्लार्क बाहेर पाणी प्यायला गेले होते.

"तुला फोन आला होता," ती म्हणाली.

त्याने माईकचं बटण बंद आहे ना ते आधी पाहिलं. "आला होता."

"आणि तू नाही म्हणालास."

"त्या बाई म्हणाल्या, भिंगात दिसलं नाही पण कल्चरमध्ये निघालंय. मी म्हटलं, अहो, माझ्या वहिनीने तीनशे वेळा पाहिलंय. तुमच्या मशीनचं काहीतरी चुकलं असेल." तो थांबला, खोकला, रुमाल तोंडाशी धरला. "मला खरंच तसं वाटलं होतं. मशीनपेक्षा तू..."

"आणि नंतर? आवाज गेला तेव्हा?"

"तेव्हा कळायला लागलं होतं. पण सांगायचं कसं? तुझं नाव छापून आलं. तू एवढी खूश होतीस. मी जाऊन म्हणू, की तू चुकलीस, आणि ज्याच्या बाबतीत चुकलीस तो मीच आहे म्हणून?"

"मी चुकले नव्हते रे," ती म्हणाली. "आत्ता परत पाहून आले. पट्टीत काहीच नाही. चुकले असते तरी बरं झालं असतं." आणि स्टँडच्या ऐन गर्दीत, काचेच्या त्या केबिनमध्ये, सगळ्या फलाटांना दिसेल असं ती रडली. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग रुमाल तोंडावर आणखी घट्ट धरला.

त्याच दुपारी नव्याने तपासणी झाली. या वेळी शंभर जागांची गरज पडली नाही. पहिल्याच नजरेत लाल काड्यांचा सडा पडला होता. तीन प्लस, मोजमापाचं सगळ्यांत वरचं टोक. रजिस्टरमध्ये ते तिलाच लिहावं लागलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पोखरलेला दिसला. कानाघशाच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की स्वरयंत्रातही तोच आजार आहे. गोळ्या सुरू झाल्या. मुलीला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या चालू केल्या. रोज सकाळी ती आठ वर्षांची पोर बापासमोर बसून पाण्याबरोबर गोळी गिळे आणि तोंड उघडून दाखवी.

बायको भिंगताईला एवढंच म्हणाली, "ताई, मी त्यांना सारखं म्हणत होते, परत दाखवा. ते म्हणायचे, घरची लॅब आहे आपली." त्यात दोष देणं नव्हतं. दोष दिला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

आठवड्याने चौकशीचे क्लार्क खिडकीशी आले, हातात डबी घेऊन. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस. "बंद केबिनमध्ये दहा महिने शेजारी बसलोय म्हणून बोलावलंय म्हणे," ते संकोचून म्हणाले. "मला तसं काही नाही, थोडा खोकला आहे, बस." तिने त्यांना थुंकी-बेडक्याचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, पण फोटोचा विनोद तोंडातून निघाला नाही. त्यांच्या काचपट्टीत एक प्लस निघालं.

एकेचाळीस पट्ट्यांचं वाचन पूर्ण झालं. तीन पट्ट्यांत तिला अगदी तुरळक काड्या सापडल्या, त्या पहिल्या वेळी निसटल्या होत्या. अडतीस स्वच्छ. बाहेरच्या माणसाचाही आकडा तोच आला. डॉक्टरीणबाईंनी उत्तर लिहिलं, ते छापून आलं: वाचणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी ते तिला वाचून दाखवलं आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "मला काय बोलावं ते सुचत नाही, ताई. मी अकरा लेख लिहिलेत. या एका माणसापर्यंत पोचायला त्यातला एकही उपयोगी पडला नाही."

"तुमचा फोन गेला होता की," भिंगताई म्हणाली. "पोचला होता तो. माझा शब्द आधी पोचला होता, एवढंच."

न सापडलेल्या आठ जणांनी तिचा पिच्छा सोडला नाही. त्यांची नावं आता रजिस्टरमध्ये पाहायला तिला मोकळीक होती. डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने, आरोग्यसेविकेला सोबत घेऊन, ती तीन सुट्ट्या हिंडली. एका पत्त्यावर इमारत पाडून गाड्या धुण्याचं केंद्र झालेलं. दुसरीकडे म्हातारी आई होती. मुलगा कामाला परगावी गेला, कुठे ते तिलाही ठाऊक नव्हतं. "बरा आहे ना तो?" तिनेच उलट यांना विचारलं. तिसऱ्या दारावर कुलूप. उरलेल्या पाच जणांचे पत्ते म्हणजे नुसती वस्तीची नावं होती. चौथ्या सुट्टीला आरोग्यसेविकेला दुसरं काम लागलं. भिंगताई एकटी तयार झाली, दारापर्यंत गेली, आणि पिशवी खुंटीला अडकवून परत बसली.

मशीनसाठीचा अर्ज डॉक्टरीणबाईंनी लेखाची प्रत जोडून वर पाठवला. उत्तर आलं, विचाराधीन आहे. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. वर्षाअखेरीस त्यांची बदली झाली. जाताना त्या लॅबच्या दाराशी आल्या आणि पहिल्या दिवशीसारख्याच शंभर होईपर्यंत गप्प उभ्या राहिल्या.

भोंगा वाचला. सहा महिन्यांच्या गोळ्या नऊ महिने चालल्या. बेडका साफ झाला. पण एक मजला चढला की त्याला पायरीवर बसावं लागतं, आणि आवाज गेला तो गेला. आता तो पार्सलच्या खिडकीवर पावत्या फाडतो. बोलतो ते शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच, वारा गवतातून जावा तसं. स्टँडवर आता आधीच भरून ठेवलेल्या आवाजात गाड्या पुकारल्या जातात. तो आवाज बरोबर सांगतो, फलाट चुकवत नाही, आणि कुणासाठी गाडी थांबवत नाही. सुट्टीच्या दिवशी तो जेवायला येतो. दोघं त्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत. एकदा फक्त तो म्हणाला, "वहिनी, तू काम सोडू नकोस हं." तिने सोडायचा विचार केलाय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने सोडलं नाही. सोडलं तर स्टुलावर बसणार कोण, आणि तो किती जागा बघणार? तीच खोली, तेच भिंग. छापील फॉर्मवर आजही दोनच चौकोन आहेत, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. काहीच दिसलं नाही तर दुसऱ्या चौकोनात खूण करावी लागते. ती करते. मात्र तोंडाने तो शब्द उच्चारत नाही.

परवा एक रंगारी आला होता, बोटांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके, महिनाभराचा खोकला. तिने फॉर्म त्याच्या हातात दिला.

"स्लाइडमध्ये काही दिसलं नाही," ती सावकाश म्हणाली. "दिसलं नाही म्हणजे नसेलच असं नाही. खोकला राहिला तर परत यायचं. मी काय म्हणाले? परत यायचं."

"म्हणजे काही नाही ना?" त्याचा चेहरा उजळला.

"तसं नाही हो. ऐका..."

"देव बरं करो तुमचं, बाई," तो म्हणाला. त्याने फॉर्मची चौकोनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून "दोन आठवड्यांनी या!" म्हणून ओरडली. तो फाटकापाशी पोचला होता. तिथून त्याने हात हलवला, माणूस निरोप घेताना हलवतो तसा, आणि कामाला उशीर झाल्यासारखा भराभर चालायला लागला. आत टेबलावर अजून एकोणीस डब्या होत्या.